मागच्या फाटकावरचा चौथा कॅमेरा

या सदरातले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर सुपारी कातरत वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसायला वाचते. राग मानू नका. मला वाटायचं, यातल्या निम्म्या लोकांना चष्म्याची गरज आहे आणि उरलेल्यांना झोपेची. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय, लग्नाआधी हायस्कूलला शिकवलंय. आमच्या मिलच्या दारावर हमाल लोक लिंबू-मिरची बांधतात ती मीच काढून टाकते, आणि ते मला तोंडावर काही बोलत नाहीत, मागे काय बोलायचं ते बोलत असतील. तरी आज लिहायला बसले... कारण घरात हा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे, आणि माझ्या तर डोक्यातून तो जात नाही.

मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचं आठवतं. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. वाशीम रोडवर वस्ती विरळ होते तिथे आमची डाळमिल आहे. जागा रुंदीला कमी आणि मागे लांबच लांब. रस्त्यालगत ऑफिस, त्यामागे मशीनचं शेड, मग गोडाऊन, मग गाड्या मोजायचा काटा आणि त्याची खोली. काट्याच्या पुढे तूर वाळवायचा मोठा ओटा, आणि ओट्याच्या टोकाला मागचं फाटक. ते शेतांमधून जाणाऱ्या पांदण रस्त्यावर उघडतं. माझे मिस्टर गेल्यापासून मिल मी आणि माझे दीर, प्रकाशभाऊजी, दोघं मिळून पाहतो. हिस्सा बरोबरीचा, आवाज मात्र त्यांचा मोठा.

मागच्या फाटकाची किल्ली गुलाबभाऊंकडे असायची. मिस्टरांच्या काळात ते हमाल होते. पाठ धरली तेव्हा मिस्टरांनीच त्यांना राखणदार केलं. वय साठीच्या पुढे, बायको नाही, एक मुलगी मानोऱ्याकडे, पोहरादेवीजवळच्या एका गावात दिलेली. काट्याच्या खोलीच्या मागे त्यांची कोठडी होती. दुसरं घर त्यांना नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

तुरीच्या हंगामात डाळीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, मोजणीत कमी येऊ लागले. एकदम नाही, आज एक, चार दिवसांनी दोन. मग काय, मिलमध्ये जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला. भाऊजींचा संशय पहिल्या दिवसापासून गुलाबभाऊंवर. "कुंपणच शेत खाऊन राह्यलं वैनी, तुमाले दिसत नाई," असं ते उठता-बसता म्हणायचे. माझा संशय गाडीवाल्यांवर होता. आणि आता लिहितेच आहे तर लिहून टाकते, थोडा भाऊजींवरही होता. गुलाबभाऊ माझ्या बाजूचे, म्हणून त्यांना घालवायचा हा डाव असेल असं मला वाटायचं.

शेवटी कॅमेरे लावायचं ठरलं. गावातला शोएब हेच काम करतो. पोरगा हुशार, बोलण्यात गोड, वेळेला मात्र पक्का लबाड... उद्या म्हणाला की परवा समजायचं. चार कॅमेरे ठरले. पुढचं गेट, शेड, गोडाऊन आणि चौथा मागच्या फाटकावर. रेकॉर्डर आणि टीव्ही ऑफिसात. चौथ्याचं अंतर पायांनी मोजून आला आणि मान हलवायला लागला.

"भाभी, तिथलोक एका वायरीत नाई होत. ही नेटवर्कची वायर हाये. शंभर मीटर, बस. मी तं नव्वदच्या पुढं जातच नाई. पुढं गेलं का फोटू अटकते, तुटते, मंग बंदच पडते."

भाऊजी हसले. "अबे, विहिरीवरच्या मोटरीची वायर आमी टेप लावून लावून अर्धा कोस नेतो. चांगली जाड वायर टाक ना."

"जाडीचा सवाल नाई जी भाऊ, लांबीचा हाये. अन् कॅमेऱ्याले करंट बी ह्याच वायरीतून जाते. मधात एक स्विच टाका लागते. काट्याच्या खोलीवर डबी बसवतो, वायर तिथं तोडतो. डबीत स्विच बसला का तिथून पुढं पुन्हा शंभर मीटर मोकळे."

भाऊजींना ते काही पटलं नाही. त्यांना वाटलं, पोरगा एक वस्तू जास्तीची गळ्यात मारतोय. तरी हो म्हणाले. शोएबने दिवसभरात चारही कॅमेरे टांगले, वायरी ओढल्या, काट्याच्या खोलीबाहेर भिंतीवर प्लास्टिकची डबी ठोकली. जाताना म्हणाला, स्विच अकोल्याहून येतो आहे, आला की बसवतो, तोवर टीव्हीवरचा चौथा चौकोन काळा राहील. तसा तो काळाच होता.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी ऑफिसात आले तर चौथा चौकोन चालू. मागचं फाटक, त्याच्या बाजूची बाभूळ, पांदणीवरची धूळ, सगळं स्वच्छ. मला वाटलं, शोएब येऊन स्विच बसवून गेला. भाऊजींना वाटलं, शोएबने शहाणपणा सोडला आणि वायरीला वायर जोडून टेप मारला. "पाह्यलं का? स्विच-फिच काई लागत नाई. नुसते पैसे काढाचे धंदे," असं ते दोन दिवस येईल त्याला सांगत होते. शोएबला फोन ना त्यांनी केला, ना मी. चित्र दिसत होतं, मग विचारायचं काय? त्या डबीचं झाकण उघडून पाहावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

त्याच आठवड्यात मी गुलाबभाऊंना घेऊन वाशीमला गेले. रेशनसाठी त्यांचा अंगठा मशीनवर लागत नव्हता. आयुष्यभर पोती उचलून बोटांच्या रेषाच गेलेल्या. आधार सेंटरवर जाऊन नवीन ठसे आणि नवीन फोटो द्यायचा होता. सकाळी ते कोठडीतून उठून माझ्या घरी आले. अंगातला शर्ट खांद्यावर फाटलेला. फोटो काढायचा म्हणून मी कपाटातून मिस्टरांचा एक शर्ट काढून दिला, निळ्या चौकटीचा. "मालकाचा शर्ट मी कसा घालू वैनी?" म्हणून आढेवेढे घेतले, मग घातला. तिथूनच, मिलमध्ये परत न जाता, आम्ही एसटीने गेलो, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता.

सेंटरवर ही गर्दी. दुपार बाकड्यावरच गेली. गुलाबभाऊ एकदाच उठले, "च्या पिऊन येतो" म्हणून, आणि आले परत. किती वेळाने? पंधरा-वीस मिनिटं धरा. आमचा नंबर आला तेव्हा मशीनने त्यांचं एकही बोट घेतलं नाही. मशीनवरच्या पोरीने कापडाने पुसून पाहिलं, तेल लावून पाहिलं. शेवटी म्हणाली, "बाबा, तुमचे ठसे मॅचच होत नाहीत, महिन्याने या." फोटोही राहिला, पावतीही मिळाली नाही. संध्याकाळच्या गाडीने हात हलवत परत आलो. मी घरी, ते मिलमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन. "वैनी, लवकर या. चोर सापडला."

ऑफिसात गेले तर भाऊजी टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसलेले, चेहरा खुललेला. गुलाबभाऊ दारात उभे, निळ्या चौकटीचा शर्ट अजून अंगात. भाऊजींनी रेकॉर्डिंग लावलं. चौथा कॅमेरा, तारीख आदल्या दिवशीची, वेळ भर दुपारची. ओट्याच्या बाजूने एक माणूस येतो. पाठीवर डाळीचा कट्टा. फाटक उघडतो, कट्टा बाहेर नेऊन ठेवतो, परत आत येतो, कुलूप लावतो. आणि मग मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहत राहतो. बराच वेळ.

ते गुलाबभाऊ होते. चालणं त्यांचं, उजवा खांदा खाली टाकून. आणि अंगात निळ्या चौकटीचा शर्ट.

 तो शर्ट मी आदल्या दिवशी सकाळीच कपाटातून काढला होता. सहा वर्षं तो कुणाच्या अंगात नव्हता.

"हे कसं शक्य आहे?" मी म्हटलं. "हे या वेळी माझ्याशेजारी बसले होते. वाशीमला."

"पावती दाखवा."

"पावती नाही मिळाली. अंगठा लागला नाही."

भाऊजी खुर्चीतूनच माझ्याकडे वळले. "हातच्या कांकणाले आरसा कायले पाह्यजे वैनी? अन् तुमी साक्ष देऊन राह्यल्या. उंदराले मांजर साक्ष. मले वाटलं नोतं, तुमी बी यात असान म्हणून."

म्हणजे चोरीत मीही. हे ऐकायचं राहिलं होतं.  मी गुलाबभाऊंकडे वळले. म्हटलं, "सांगा ना यांना. तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहे का?"

गुलाबभाऊ टीव्हीकडे पाहत होते. भाऊजींना म्हणाले, "पुन्हा लावा जी." त्यांनी लावलं. पुन्हा पाहून झाल्यावर हळूच बोलले, "मीच हाये तो."

"म्हणजे?"

"मले आठोत नाई भाऊ. पण दिसून तं मीच राह्यलो. मंग मीच नेला असन."

मला त्यांचाही राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासी स्वतःच मान पुढे करत होता. भाऊजींनी निकाल लावला. संध्याकाळपर्यंत कोठडी खाली करायची आणि पोलीस स्टेशनला रेकॉर्डिंग द्यायचं. साठीच्या पुढचा माणूस, जावयाच्या दारात चोर म्हणून जाणार. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, मग काय करायचं ते करा.

माझ्या डोक्यात एकच होतं, की हे भाऊजींनी बनवून घेतलंय. आजकाल काय हवं ते बनवता येतं म्हणे. पण भाऊजींना सकाळचा सुविचार पुढे पाठवायचा तर भाच्याला हाक मारावी लागते, ते काय बनवणार. म्हणजे बनवलं असेल तर शोएबने. मी बाहेर ओट्यावर जाऊन त्याला फोन लावला आणि सरळ झाडलं. म्हटलं, "चौथ्या कॅमेऱ्यात काय घालून ठेवलं आहेस तू?"

"कोणता चौथा भाभी?"

"मागच्या फाटकाचा."

"तो तं बंद हाये ना. मी त्या दिवसापासून आलोच नाई. मामाकडं लग्न होतं, हैदराबादले गेल्तो. कालच आलो. स्विच माझ्या दुकानातच पडला हाये."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये. आणि त्या दिवशी, काय सांगू, तो खरंच आला.

आम्ही तिघं काट्याच्या खोलीपाशी गेलो. गुलाबभाऊ लांब उभे होते. शोएबने डबीचं झाकण उघडलं. आत स्विच नव्हता. ऑफिसकडून आलेली वायर एकीकडे गुंडाळलेली, फाटकाकडे जाणारी दुसरीकडे. मध्ये वीतभर रिकामी जागा. आणि दोन्ही वायरींच्या तोंडांवर कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. माती वाळून कडक झालेली, शोएबने स्क्रू-ड्रायव्हरने टोकरली तेव्हा निघाली.

"तुमीच आता सोडली असन ही वायर," भाऊजी मला म्हणाले. "गुलाबले वाचवाले."

"आणि माशीलाही मीच सांगितलं का, की बाई लवकर माती लाव?"

 वाळलेली माती भाऊजींनी बोटाने चुरून पाहिली, वास घेऊन पाहिला. शेतकऱ्याचं पोर आहे, ओली-वाळली माती त्यांना कळते.

शोएब म्हणाला, "भाऊ, वायर जोडली नाई म्हणजे कॅमेऱ्याले करंटच नाई. तो चालू झालाच नाई. रेकॉर्ड होईनच कसा?"

"टीव्हीवर चालू हाये. आता बी."

त्याचा विश्वास बसेना. मग त्यानेच सुचवलं, की मी फाटकापाशी उभा राहतो, तुम्ही टीव्हीवर पाहा. भाऊजी आणि मी ऑफिसात आलो. चौथा चौकोन चालू होता. फाटक, बाभूळ, ऊन. बाभळीची फांदी वाऱ्याने हलत होती, म्हणजे चित्र अडकलेलं नव्हतं. शोएबचा फोन आला. "कॅमेऱ्यापुढं उभा हाये भाभी. हात हालवून राह्यलो. दिसलो का?"

टीव्हीवर फाटकापाशी कुणीच नव्हतं.

मला वाटलं, हा पोरगा दुसरीकडेच कुठेतरी उभा राहून आम्हाला वेडं बनवतोय. मी फोन भाऊजींच्या हातात दिला आणि धावत काट्यापर्यंत गेले. शोएब फाटकासमोर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, भर उन्हात दोन्ही हात वर करून हलवत होता. मी परत आले तर भाऊजी टीव्हीपासून दूर सरकून भिंतीला टेकलेले. "अजून नाई दिसून राह्यला," एवढंच बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक मी आधी ऐकला नव्हता.

शोएबने येऊन पाहिलं आणि रेकॉर्डरमागची चौथी वायर ओढून काढली. चौकोन काळा झाला. पुन्हा लावली तरी काळाच राहिला. त्याने तासभर खटपट केली, कुणाकुणाला फोन केले. मग आपली पिशवी उचलली आणि म्हणाला, "भाभी, मी कॅमेरे लावतो. याचं मले काई विचारू नोका."

त्याने स्विच बसवला तो चार दिवसांनी, सोबत एक माणूस घेऊन. आता चौथा कॅमेरा चालतो. शेळ्या दिसतात, पांदणीने जाणारे लोक दिसतात, मी गेले तर मी दिसते. ते रेकॉर्डिंग भाच्याने भाऊजींच्या मोबाईलमध्ये घेऊन दिलेलं, ते अजून तिथे आहे. पुसा म्हटलं तर पुसत नाहीत, आणि पाहतही नाहीत. कट्टे त्यानंतर कमी झाले नाहीत. आधीचे कुणी नेले ते कळलं नाही.

पोलिसांचा विषय भाऊजींनी त्याच संध्याकाळी सोडला. गुलाबभाऊंना जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "चुकलं माझं. राहा तू." भाऊजींच्या तोंडून एवढं येणं म्हणजे फार झालं. मला वाटलं, मिटलं. मी चहा मागवला.

पण गुलाबभाऊंनी किल्ली टेबलावर ठेवली. वळकटी त्यांनी आधीच बांधून ठेवली होती. मुलीकडे जातो म्हणाले. मी चिडले. म्हटलं, "अहो, आता कोण काय म्हणतंय तुम्हाला? वायरच जोडलेली नव्हती. ते काही खरं नाही. तुम्ही इथे नव्हता, वाशीमला माझ्यासोबत होता, माझ्या शेजारी बसला होता."

"हाव वैनी."

"मग काहून जाता?"

 ते शर्टाची बाही चाचपत होते, त्याच शर्टाची. "म्या त्याले पाह्यलं ना वैनी. तो मीच होतो. माणूस आपल्याले वळखत नाई का?" मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्यासोबत वाशीमले जो बसला होता... तो मीच होतो, हे तुमाले नक्की ठाऊक हाये ना?"

मी बी.एस्सी. झालेली बाई. शोएबला विचारलं, अकोल्याच्या एका जाणकाराला विचारलं, माझ्या जुन्या कॉलेजच्या सरांना विचारलं. कुणी म्हणतं सेटिंगचा घोळ, कुणी म्हणतं दुसऱ्याच कॅमेऱ्याचं चित्र. त्या चित्रात तो शर्ट कसा आला हे कुणालाही सांगता येत नाही, आणि उन्हात हात हलवणारा शोएब का दिसला नाही हेही सांगता येत नाही. माझ्याकडेही काही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त मला लिंबू-मिरची सांगू नका.

गुलाबभाऊ गेले. मुलीकडे आहेत, बरे आहेत असं कळतं. निरोप पाठवला तरी येत नाहीत, आणि त्याला कारण मीच आहे. त्यांनी विचारलं तेव्हा मी "हो" म्हटलं. पण आधी मला त्या बाकड्यावरचा सगळा दिवस आठवून पाहावा लागला, तो चहाचा वेळही, आणि तेवढा वेळ ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते.